दार वाजल्यावर विचारायचं काय?

जून 2024 चा शेवटचा आठवडा लातूरच्या ट्युशन एरियात कुणी विसरलेलं नाही. 5 मे रोजी झालेल्या नीट परीक्षेवरून देशभर गोंधळ चालू होता आणि एके दिवशी बातमी आली, की याचे धागे लातूरपर्यंत पोचलेत. दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड युनिटने जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांची चौकशी केली, शिवाजीनगर पोलीस ठाण्यात चार जणांवर गुन्हा दाखल झाला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. मोबाइलमध्ये परीक्षार्थींची प्रवेशपत्रं सापडल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं.

आपण सगळे तेव्हा पेपरबद्दल बोलत होतो. दोन-दोन वर्षं रूम करून, मेसचं खाऊन अभ्यास केलेल्या पोरापोरींनी दुसरं बोलायचं तरी काय? आरोप खरे की खोटे, ते कोर्ट ठरवेल. पण त्या बातमीतला एक शब्द तसाच मागे राहिला : मोबाइल. पूर्वी पुरावा कपाटात, माळ्यावर, गादीखाली सापडायचा. आता तो खिशात असतो. आणि एका माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या एकट्याची माहिती कधीच नसते. त्यात शंभर जणांचे नंबर, फोटो, हॉल तिकिटं, चॅट असतात. त्यातले एक तुम्हीही असू शकता.

म्हणून आज पेपरफुटी बाजूला ठेवू आणि एका साध्या प्रश्नाकडे बघू. पोलीस कुणाच्या घरात, भाड्याच्या खोलीत किंवा फोनमध्ये शिरतात, तेव्हा कायद्याने त्यांनी काय काय करायला पाहिजे? आणि ते केलं की नाही, हे बघतं कोण?

सिनेमातला डायलॉग

दार वाजतं, पोलीस उभे असतात, हिरो विचारतो, "वॉरंट आहे का?" आणि पोलीस परत जातात. हे सिनेमात. खऱ्या आयुष्यात हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही, पण तो पुरेसा नाही. कारण आपल्याकडे पोलिसांना गुन्ह्याच्या तपासात वॉरंटशिवायही झडती घेता येते.

आधी वॉरंट म्हणजे काय ते बघू. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. म्हणजे लातूरचा गुन्हा दाखल झाल्यानंतर जेमतेम आठवड्याने. या नव्या संहितेचं कलम 96 झडती वॉरंटचं आहे (जुनं कलम 93).

रीत अशी : तपास अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो. गुन्हा कोणता, कलमं कोणती, झडती कुठे घ्यायची, कशासाठी घ्यायची, हे त्यात मांडायचं. कोर्टाने बघायचं ते हे, की साधं समन्स किंवा नोटीस पाठवून ही वस्तू मिळाली नसती का? कायद्याची पायरीच तशी आहे. आधी कलम 94 खाली 'अमुक कागद किंवा वस्तू हजर करा' असं सांगायचं. समोरचा देणार नाही असं मानायला कारण असेल, किंवा वस्तू नेमकी कुणाकडे आहे तेच माहीत नसेल, किंवा सर्वसाधारण झडतीनेच काम होणार असेल, तर वॉरंट. चोरीचा माल, बनावट नोटा किंवा बनावट कागदपत्रं ठेवलेल्या जागेसाठी वेगळं कलम 97 आहे. कोर्टाला वाटलं तर जागेचा ठरावीक भागच तपासा, असंही वॉरंटमध्ये लिहिता येतं. म्हणजे दुकानाची परवानगी मिळाली म्हणून वरच्या मजल्यावरचं घरही उलथंपालथं करायचं, असं मग चालत नाही.

थोडक्यात, वॉरंट म्हणजे झडतीच्या आधी एका तिसऱ्या माणसाने, म्हणजे न्यायाधीशाने, "खरंच गरज आहे का?" असं विचारणं.

इथे एक गल्लत टाळा. इन्कम टॅक्सची धाड ही वेगळी गोष्ट आहे. मे 2024 मध्ये नांदेडमधल्या फायनान्सच्या धंद्यावर आयकर खात्याची मोठी धाड पडली, नोटा मोजतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या झडतीची परवानगी कोर्ट देत नाही. आयकर कायद्याखाली खात्याचेच वरिष्ठ अधिकारी देतात. 'धाड' हा शब्द आपण सगळ्याला वापरतो, पण प्रत्येक धाडीमागचा कायदा वेगळा असतो.

वॉरंटशिवाय, पण कारणाशिवाय नाही

आता मुख्य गोष्ट. नव्या संहितेचं कलम 185 (जुनं 165) सांगतं, की पोलीस ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण चार अटींवर. एक, एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असला पाहिजे. दोन, त्या तपासाला लागणारी वस्तू ठरावीक ठिकाणी आहे असं मानायला सबळ कारण पाहिजे. तीन, दुसऱ्या मार्गाने ती विनाविलंब मिळणार नाही असं त्याचं मत पाहिजे. चार, ही कारणं आणि शक्य तितकं त्या वस्तूचं वर्णन त्याने झडतीच्या आधी लिहून ठेवलं पाहिजे. नव्या कायद्यात 'केस डायरीत' असं स्पष्ट म्हटलंय.

हेतू कळतो. कोर्टाचा कागद येईपर्यंत पुरावा जाळला, गाडला, डिलीट केला तर? पण व्यवहारात ही तातडीची वाट रोजचीच होऊन बसते. अर्ज करून न्यायाधीशांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यापेक्षा स्वतःच चार ओळी लिहून निघणं सोपं असतं.

ही वाट किती रुंद आहे, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी झडती वॉरंटसाठी कोर्टात अर्ज केला. तो नामंजूर झाला. त्यानंतर 17 एप्रिल 2018 ला पोलिसांनी वेगवेगळ्या शहरांत झडत्या घेतल्याच, वॉरंटशिवाय, तेव्हाच्या कलम 165 चा आधार घेऊन. त्या प्रकरणाबद्दल तुमचं राजकीय मत काहीही असो. प्रश्न सगळ्यांसाठी तोच आहे : कोर्ट 'नाही' म्हणाल्यावरही दुसरं दार उघडं असेल, तर पहिल्या दाराला अर्थ किती?

म्हणून मुद्दा असा, की आपल्याकडे तुमचं खरं संरक्षण झडतीच्या आधीच्या कागदात थोडं आणि झडतीच्या वेळच्या व नंतरच्या कागदांत जास्त आहे. कारणं लिहिली का, पंच कोण होते, यादी केली का, व्हिडिओ काढला का, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वेळेत पाठवलं का. हे कंटाळवाणे कागदच महत्त्वाचे.

खोलीत काय व्हायला पाहिजे?

समजा, भाग्यनगरच्या किंवा बाबानगरच्या एखाद्या पीजीत झडती आली. खोली भाड्याची असली तरी तिथे राहणारे तुम्ही आहात. कायदा सांगतो, की जागेत राहणाऱ्याने किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने पोलिसांना आत येऊ द्यावं आणि झडतीला वाजवी सोय करून द्यावी. म्हणजे दार अडवून उभं राहणं हा मार्ग नाही. पण त्याच कलमाने, म्हणजे कलम 103 ने, तुम्हालाही बरंच दिलंय.

झडती सुरू करण्याआधी त्या भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. ते मिळाले नाहीत किंवा तयार झाले नाहीत, तरच दुसऱ्या भागातले. झडती पंचांच्या समोर व्हायला पाहिजे. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची आणि ती कुठे सापडली याची यादी करायची, पंचांनी त्यावर सह्या करायच्या. तुम्हाला किंवा तुमच्या वतीने एखाद्याला पूर्ण वेळ हजर राहायची मुभा द्यायची आणि यादीची प्रत तुम्हाला द्यायची. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची, आणि तीही सभ्यता पाळून. आत शिरण्याआधी पोलीस आणि पंच यांनी स्वतःची झडती देण्याचीही जुनी रीत आहे. 'वस्तू आम्हीच आणून ठेवली' असा आरोप नंतर होऊ नये म्हणून.

नव्या कायद्याने यात एक मोठी भर घातली. कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीची सगळी प्रक्रिया, यादी करणं आणि सह्या घेणं यांसकट, ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्ड करायची. शक्यतो मोबाइलवर. आणि ते रेकॉर्डिंग विनाविलंब जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. यासाठी 'ई-साक्ष्य' नावाचं ॲपही ऑगस्ट 2024 मध्ये चंदीगडला सुरू झालं. वॉरंटशिवाय झडती असेल, तर लिहिलेल्या कारणांची प्रत 48 तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. जुन्या कायद्यात फक्त 'ताबडतोब' होतं. आता घड्याळ लावलंय.

तुम्हीच पंच झालात तर?

आपल्यापैकी आरोपी होण्याची वेळ फार थोड्यांवर येते. पंच होण्याची वेळ मात्र कुणावरही येऊ शकते. शेजारच्या खोलीत झडती आहे आणि हवालदार म्हणतात, "या हो जरा, दोन सह्या करायच्यात." लोक टाळतात. कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून. मग तेच तेच ठरलेले लोक पंच होतात, किंवा सरकारी कर्मचारी आणले जातात. पुढे कोर्टात पंच सांगतात, "मला काही दाखवलं नाही, सही मात्र माझी आहे." पंच फितूर होतो आणि कधी खरा गुन्हेगार सुटतो, तर कधी निर्दोष माणूस वर्षानुवर्षं अडकतो.

लेखी आदेश देऊन बोलावलं आणि तुम्ही वाजवी कारणाशिवाय नकार दिला, तर तो गुन्हा ठरू शकतो. पण गेलात तर शोभेचे पंच होऊ नका. आधीपासून शेवटपर्यंत उभे राहा. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही करा. कोऱ्या कागदावर सही अजिबात नाही. पंचनामा वाचल्याशिवायही नाही. वेळ चुकीची लिहिली असेल तर दुरुस्त करायला सांगा. हे पोलिसांच्या विरोधात जाणं नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला असाच पंच हवा असतो, कारण त्याची केस कोर्टात असल्या पंचावरच टिकते.

फोन : खिशातलं घर

आता सगळ्यात अवघड भाग. झडतीचे नियम घर, पेटी, कपाट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. फोन कपाटासारखा नाही. कपाट उघडलं की जे आहे ते दिसतं. फोन उघडला की पाच वर्षांपूर्वीचं भांडण, आईला पाठवलेला रिपोर्ट, मैत्रिणीचे फोटो, बँकेचे मेसेज, सगळंच दिसतं. त्यातलं 99 टक्के तपासाशी संबंधित नसतं.

ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादचे व्हिडिओ फिरले होते, आठवतात? पोलीस रस्त्यात दुचाकीवाल्यांना थांबवून व्हॉट्सॲपमध्ये 'गांजा' हा शब्द शोधत होते. नांदेडहून हैदराबाद काही तासांवर. तिथे शिकणारी, नोकरी करणारी आपली कितीतरी पोरं आहेत. वर सांगितलेल्या चार अटी या प्रसंगाला लावून बघा. कोणत्या गुन्ह्याचा तपास? या माणसाकडे वस्तू आहे असं मानायला कारण काय? ते लिहिलं कुठे? रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण संशयित, असं कलम 185 म्हणत नाही.

पासवर्ड सांगावाच लागतो का, यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. संविधानाच्या कलम 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं, की पासवर्ड देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. पण त्याच निकालात फोन तपासायला झडती वॉरंट घ्या, असंही सांगितलं. दिल्लीच्या एका विशेष सीबीआय कोर्टाने 2022 मध्ये उलट भूमिका घेतली : आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये पत्रकारांच्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की उपकरणं जप्त करण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आणा. पुढच्या महिन्यात केंद्राने कळवलं, की तूर्त केंद्रीय यंत्रणा सीबीआयची नियमपुस्तिका पाळतील.

फोन किंवा लॅपटॉप जप्त होताना एक शब्द लक्षात ठेवा : हॅश व्हॅल्यू. उपकरणातल्या डेटाची ही अंकाक्षरी बोटांची ठसेपट्टी समजा. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलते. जप्तीच्या वेळीच ती नोंदवली, तर पुढे कुणी काही घुसवलं की नाही हे तपासता येतं. एल्गार प्रकरणात हाच वाद पेटला. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीने 2021 मध्ये म्हटलं, की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली टाकल्या गेल्या. एनआयएने ते मान्य केलं नाही. असा वाद उभाच राहू नये म्हणून हॅश असते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही हॅशची जागा आहे.

नियम मोडले तर?

इथे खरं सांगायला पाहिजे, आणि ते गोड नाही. अमेरिकेत 1961 च्या मॅप विरुद्ध ओहायो या निकालापासून बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा सहसा कोर्टात चालत नाही. आपल्याकडे तसं नाही. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. पी. शर्मा प्रकरणात म्हटलं होतं, की अमेरिकेसारखा खासगीपणाचा हक्क आपल्या संविधानात नाही. 1973 च्या पूरणमल निकालात सांगितलं, की झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा संबंधित असेल तर तो वापरता येतो.

2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 1954 ची ती भूमिका मोडीत काढली. पण पुराव्याचा 1973 चा नियम जागेवरच आहे. म्हणजे हक्क आहे, पण तो मोडला तर आपोआप काही होत नाही. नियम मोडून मिळालेला पुरावा कोर्ट अधिक सावधपणे बघतं, आरोपीचा वकील त्यावर बोट ठेवतो, इतकंच. अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडतीबाबत मात्र कोर्टं बरीच कडक आहेत.

आणि पोलिसांना शिक्षा? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 147 मध्ये विनाकारण झडती किंवा जप्ती करणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये. ट्युशन एरियात एका आठवड्याचा नाश्ताही त्यात होत नाही.

दुसरी बाजूही ऐका. पोलीस म्हणतात, मनुष्यबळ कमी, बंदोबस्त जास्त, पंच मिळत नाहीत, आरोपी मिनिटात फोन फॉरमॅट करतो. यात तथ्य आहे. पेपर फोडणारा पकडला जावा, असं तर तुम्हालाच सगळ्यांत जास्त वाटतं. पण विचार करा : झडतीचे कागद ढिसाळ असतील, तर त्याचा फायदा कुणाला होतो? महागडा वकील लावू शकणाऱ्या आरोपीलाच. म्हणजे नीट केलेली झडती ही निर्दोष माणसाची ढाल आहेच, पण ज्याचं वर्ष पेपरफुटीमुळे वाया गेलं त्या विद्यार्थ्याचीही ती गरज आहे.

मग करायचं काय?

दार वाजलं तर दंगा करू नका, पळू नका, फोनमधलं काही डिलीट करू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. शांतपणे विचारा : तुमचं नाव आणि ठाणं कोणतं? गुन्हा कोणता, नंबर काय? वॉरंट आहे की कलम 185 खाली आलात? पंच कोण? रेकॉर्डिंग चालू आहे का? घरी किंवा ओळखीच्या वकिलाला कळवा. शेवटी यादीची प्रत मागून घ्या, फोन नेला तर मॉडेल आणि आयएमईआय नंबर यादीत आहे का ते बघा.

आणि सगळ्यांत कमी माहीत असलेली गोष्ट : वॉरंटशिवाय झडती झाली असेल, तर त्या जागेचा मालक किंवा तिथे राहणारा माणूस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून पोलिसांनी पाठवलेल्या कारणांची प्रत मोफत मागू शकतो. पोलिसांनी झडतीआधी काय लिहिलं, काही लिहिलं होतं की नव्हतं, हे त्यातून कळतं. दयानंद लॉ कॉलेजमध्ये किंवा नांदेडला लॉ करणाऱ्यांनो, तुमच्या वर्गातल्या एखाद्या उपक्रमाला हा विषय घ्या. असा अर्ज कसा लिहायचा, हे तुमच्या गल्लीतल्या दहा जणांना शिकवा. कागद कुणीतरी मागणार आहे हे माहीत असलं, की कागद नीट लिहिले जातात.